इन्स्टंट गीझर वापरताना : पाण्याचा, विजेचा आणि तोटीचा हिशेब

परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर उघड्या आभाळाखाली राहून हाताला बोचेल इतके गार होते, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारीपाजारी सगळ्यांचे गीझर, हीटर आणि शेताकडच्या मोटारी चालू झाल्यामुळे व्होल्टेज घसरलेले असते. गरम पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच इन्स्टंट गीझरची ताकद सर्वांत कमी पडते. “गीझर बिघडला, पाणी कोमटच येते” ही हिवाळ्यात आमच्या भागात घरोघरी ऐकू येणारी तक्रार असून, पुष्कळदा यंत्र ठणठणीत असते. त्याच्याकडून किती पाणी, किती अंशांनी आणि किती वेळात तापवून मिळेल, हा हिशेबच कोणी केलेला नसतो. तो हिशेब एकदा समजला की गीझर निवडण्यापासून तोटी किती उघडायची इथपर्यंतचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साठवणीच्या गीझरमध्ये पाणी आधी तापवून ठेवलेले असते. इन्स्टंट गीझरमध्ये साठा जवळजवळ नसतो. काही यंत्रांमध्ये पाणी सरळ तापणाऱ्या एलिमेंटवरून वाहत जाते, तर आपल्याकडे सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या यंत्रांमध्ये एक किंवा तीन लिटरची छोटी टाकी असते आणि बहुतेकांचा एलिमेंट तीन किलोवॅटचा असतो. तीन लिटरच्या टाकीचा आधार पहिल्या दोन-तीन तांब्यांपुरता असतो, त्यानंतर तेही वाहते पाणी तापवणारे यंत्रच होते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल उष्णता लागते. त्यावरून असे निघते की तीन किलोवॅटचा गीझर एका मिनिटात ४३ लिटर पाणी एका अंशाने तापवू शकतो. हा ४३ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे फक्त भागाकार करायचा असतो. टाकीतले पाणी १६ अंश आहे आणि अंघोळीला ४१ अंश हवे आहे, म्हणजे वाढ २५ अंशांची. ४३ ला २५ ने भागले की मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी मिळते, आणि वीस लिटरची बादली भरायला साडेअकरा मिनिटे लागतात. साडेचार किलोवॅटच्या यंत्रासाठी हाच आकडा ६४ धरला, तर तीच बादली आठ मिनिटांच्या आत भरते.

आता व्होल्टेजचे पाहू. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे विजेचा दाब थोडा घसरला तरी उष्णता फार घटते. २३० व्होल्टला तीन किलोवॅट देणारा गीझर १८० व्होल्टला जेमतेम १.८४ किलोवॅट देतो, म्हणजे ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होते आणि तीच बादली भरायला एकोणीस मिनिटे लागतात. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण आलेल्या गावात पहाटे सहाला पाणी कोमट येते आणि तेच यंत्र सकाळी नऊला चटका देणारे पाणी सोडते, ते यामुळेच.

या हिशेबातला तिसरा धागा आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आहे, आणि मराठवाड्यात तो आपल्या हातात असतो. हिवाळ्यात बोअरचे ताजे पाणी कोमट लागते, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. जमिनीखाली खोलवर पाण्याचे तापमान बारमाही जवळपास सारखे, साधारण पंचवीस अंशांच्या पुढेमागे राहते, तर गच्चीवरची टाकी रात्रभर उष्णता गमावत असते. पहाटे दहा मिनिटे मोटार चालवून टाकीत ताजे पाणी सोडले आणि गीझरला २५ अंशांचे पाणी मिळाले, तर वाढ फक्त १६ अंशांची उरते आणि त्याच यंत्रातून मिनिटाला अडीच लिटरांहून अधिक पाणी मिळते. अर्थात या पाण्यातल्या क्षारांचा प्रश्न असतोच, त्याकडे पुढे येतो. मोटार आणि गीझर मात्र एकाच वेळी चालवू नयेत.

खरेदीपूर्वीची मोजणी

दुकानात जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी मोजाव्यात. न्हाणीतली तोटी पूर्ण उघडून एक लिटरचे माप किती सेकंदांत भरते ते पाहावे. तीस सेकंद लागले तर धार मिनिटाला दोन लिटर, पंधरा सेकंद लागले तर चार लिटर. एकमजली घरात टाकीचा तळ शॉवरपेक्षा दीड-दोन मीटरच वर असतो, आणि एक मीटर उंचीचा दाब जेमतेम ०.१ बार भरतो. ज्या यंत्रात पाण्याच्या दाबावर वा प्रवाहावर चालू होणारा स्विच असतो, ते इतक्या कमी दाबाला चालूच होत नाही. म्हणून किमान किती दाब लागतो हे माहितीपत्रकात पाहूनच यंत्र घ्यावे, विक्रेत्याच्या “सगळीकडे चालते” या आश्वासनावर विसंबू नये. दुसरे, मल्टिमीटरने पहाटे सहा-साडेसहाला व्होल्टेज पाहावे. दुपारचा आकडा या कामाला उपयोगी पडत नाही.

बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला तीन किलोवॅटचा, तीन लिटरचा गीझर पुरतो, कारण बादली भरेपर्यंत थांबता येते. हिवाळ्यात शॉवर घ्यायचा असेल, तर साडेचार किलोवॅटचाही अपुरा वाटू शकतो, आणि अशा घराने पंधरा किंवा पंचवीस लिटरचा साठवणीचा गीझरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशांत पूर्ण घराला पाणी पुरवणारी विनासाठ्याची यंत्रे दहा-वीस किलोवॅटची असतात. ती आपल्या सिंगल फेजच्या घरगुती जोडणीसाठी नाहीत. यंत्रावर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी, इन्स्टंट प्रकारासाठी भारतीय मानक आयएस ८९७८ आहे. आत ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीला वेगळा थर्मल कटआउट हवा, कारण थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळण्यापासून थांबवणारा हा कटआउटच असतो. नळालाच बसवायचे स्वस्त हीटर बाजारात दिसतात. काहींमध्ये एलिमेंट आवरणाविना, उघडाच पाण्यात असतो, आणि अर्थिंग कच्चे असलेल्या घरात क्षारयुक्त पाण्याबरोबर असे यंत्र वापरणे मला जिवावरचे वाटते. ते घेऊ नये.

वायरिंग आणि अर्थिंग

आमच्या घरी पहिला गीझर बसवला, तेव्हा वायरमनने न्हाणीच्या दिव्यासाठी ओढलेल्या जुन्याच वायरवरून जोडणी दिली आणि मीही काही विचारले नाही. तीन आठवड्यांनी आई म्हणाली, “अरे, रबर जळल्यावानी वास यायलाय न्हाणीतून.” प्लग काढून पाहिला तर एक पीन काळीनिळी पडलेली होती आणि सॉकेटचे पांढरे प्लॅस्टिक त्या भोकाभोवती बिस्किटासारखे तांबूस होऊन मऊ झाले होते. पाणी रोज गरम येत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. तेव्हापासून कोणाच्याही घरी गीझर दिसला की माझी नजर आधी प्लगकडे जाते.

तीन किलोवॅटचे यंत्र २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढते, साडेचार किलोवॅटचे जवळपास वीस. पहिल्यासाठी मीटरच्या बोर्डापासून थेट, मध्ये कुठेही जोड नसलेली, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचे सॉकेट असावे. अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. साडेचार किलोवॅटच्या यंत्राला १६ अँपिअरचा प्लग चालत नाही. त्याला चार चौरस मिलिमीटरची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि पक्की जोडणी लागते. स्विच न्हाणीच्या बाहेर असावा. वायरिंग नीट झाले की नाही हे तपासायची सोपी रीत अशी की गीझर बंद असताना आणि चालू असताना त्याच्याजवळचे व्होल्टेज मोजावे आणि मीटरच्या बोर्डावरचेही मोजावे. बोर्डावर २२० आणि गीझरपाशी २०० दिसत असेल, तर मधल्या वायरीत वा एखाद्या सैल स्क्रूमध्ये दोनशे वॅटांहून अधिक वीज नुसती तापून जात आहे, असे समजावे. काळी पडलेली पीन त्याचीच खूण असते. दोन्हीकडे व्होल्टेज सारखेच कमी दिसले, तर दोष घराबाहेरचा आहे, आणि त्याची तक्रार महावितरणकडे करावी. एवढ्या भारासाठी घरी स्टॅबिलायझर लावण्यात अर्थ नाही, आणि घरगुती इन्व्हर्टरवर तर गीझर कधीच जोडू नये.

अर्थिंगच्या बाबतीत आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि वाळली की आकसून तिला हातभर भेगा पडतात, त्यामुळे पुरलेल्या पट्टीभोवती पोकळी राहून मातीशी असलेला संपर्क तुटतो. दिवाळीत उत्तम असलेले अर्थिंग मार्चपर्यंत नावापुरते उरलेले असू शकते. अर्थिंगच्या खड्ड्यात नोव्हेंबरपासून पंधरा दिवसांनी दोन बादल्या पाणी ओतावे, पाऊस लागेपर्यंत. फेज आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज फेज आणि न्यूट्रल यांमधल्या व्होल्टेजइतकेच दिसले पाहिजे. त्यात मोठा फरक असेल तर गीझर वापरणे थांबवून आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याला कळत नाही, तो आरसीसीबीला कळतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि तो पडतो ना ते पाहावे. पडला नाही तर त्याच दिवशी बदलावा. गीझरमुळे आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे वायरमन मी पाहिले आहेत. ही सूचना कोणी केली तर त्याला काम थांबवायला सांगावे, कारण फुटलेल्या एलिमेंटची वीज पाण्यात उतरत असल्याचे आरसीसीबीच सांगत असतो.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहून घ्यावा. एक किलोवॅट मंजूर असलेल्या जोडणीवर तीन किलोवॅटचे यंत्र चालवण्यापेक्षा आधी भार वाढवून घेणे योग्य ठरते.

नळजोडणी आणि पहिली सुरुवात

गीझर सरळ उभा, भक्कम भिंतीवर आणि अंघोळीच्या जागेच्या अगदी डोक्यावर येणार नाही असा बसवावा. गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसी पाइप वापरावा, साधा पीव्हीसी पाइप उष्णतेने वाकतो आणि जोडाशी गळू लागतो. गार पाण्याच्या बाजूला कॉक असावा आणि त्याच्याआधी जाळीचा गाळ-फिल्टर लावावा. आपल्या गावांत नळाला कधी चार तर कधी आठ दिवसांनी पाणी येते, टाकी तळापर्यंत उपसली जाते, मध्येच टँकरचे पाणी भरले जाते आणि साचलेला गाळ पाइपात उतरतो. तो गीझरमध्ये गेला की आतल्या झडपा अडकतात.

यंत्रासोबत आलेली प्रेशर रिलीफ झडप लावलीच पाहिजे. पाणी तापताना तिच्यातून चार थेंब पडले तर ती आपले काम करीत आहे. ते थेंब नकोत म्हणून तिला बूच मारणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण वाफेचा दाब मग टाकी फोडूनच बाहेर पडतो. एक लिटरची काही यंत्रे अशी असतात की त्यांचे गरम पाण्याचे तोंड कायम उघडे ठेवावे लागते आणि तोटी फक्त गार पाण्याच्या बाजूला चालते. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे माहितीपत्रकात पाहून मगच पुढच्या बाजूला तोटी लावावी.

पहिल्यांदा चालू करताना वीज बंद ठेवून गरम पाण्याची तोटी पूर्ण उघडावी आणि गार पाण्याचा कॉक सोडावा. आधी हवा फुसफुसत येईल, मग पाणी तुटक येईल, नंतर अखंड धार लागेल. ती मिनिटभर वाहू द्यावी आणि मगच स्विच टाकावा. टाकी रिकामी असताना एलिमेंटला वीज मिळाली तर तो काही सेकंदांत जळू शकतो. टाकीतले पाणी संपून पुन्हा भरल्यावरही हेच सगळे पुन्हा करायचे असते, आणि चूक होते ती बहुधा तिथेच.

रोजचा वापर

तीन लिटरच्या यंत्राला स्विच टाकल्यावर दोन मिनिटे द्यावीत. दिवा बंद झाला, म्हणजे आतले पाणी तापले, की तोटी उघडावी. पुढे पाण्याची उष्णता धारेवरून ठरते. धार बारीक केली की पाणी जास्त गरम येते, मोठी केली की गार होते. इथे सवयीच्या उलट वागावे लागते, कारण चटका बसला की हात आपोआप तोटी बंद करायला धावतो आणि धार बारीक झाल्यामुळे पाणी आणखी तापते. चटका बसल्यास गार पाण्याची तोटी उघडावी किंवा गरम पाण्याची धार मोठी करावी. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेलाही पाच-सहा सेकंदांत खोल भाजते, आणि मुलांची त्वचा तर फार नाजूक असते. म्हणून घरात लहान मूल असेल तर बादलीत आधी गार पाणी घ्यावे, वरून गरम सोडावे, कोपर बुडवून पाहावे आणि नंतरच मुलाला न्हाणीत आणावे. घरात वयस्क माणसे असतील, तर बादली भरून झाल्यावर बाहेरचा स्विच बंद करून मगच त्यांनी अंघोळीला बसावे, हा आमच्या घरचा नियम आहे.

वीज गेली तर स्विच बंद करून ठेवावा. परत येताना व्होल्टेज कमी-जास्त उसळते, आणि मधल्या वेळात टाकी रिकामी झाली असेल तर एलिमेंट कोरडा तापेल.

खर्चाचे म्हणाल, तर वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.५८ युनिट लागते, मग ते इन्स्टंट गीझरने तापवा की दीड किलोवॅटच्या कांडीने. इन्स्टंट प्रकारात बचत होते ती साठवलेले पाणी गार होत राहण्यात वाया जाणाऱ्या विजेची. पाच माणसांच्या घरात रोज प्रत्येकी एक बादली धरली, तर महिन्याला सुमारे ८७ युनिट होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांना बदलत असल्याने हिवाळ्याच्या बिलात हा फरक ठळक दिसतो. ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी सौर बंबाचा विचार जरूर करावा, आमच्याकडे उन्हाची कमतरता नाही.

क्षार

तुरीची डाळ तासभर शिजवूनही गळत नाही, साबणाला फेस येत नाही आणि स्टीलच्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तिथले पाणी गीझरला जड जाणार हे ओळखावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. बोअर जितकी खोल आणि पाणी जितका काळ खडकात मुरलेले, तितके क्षार वाढण्याची शक्यता जास्त. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हापासून पाण्याच्या टंचाईची चर्चा पुष्कळ झाली, त्याच्या प्रतीची मात्र घरोघरी क्वचितच होते.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापले की त्याचे चुनखडीसारखे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि ते एलिमेंटवर थरावर थर चढत जाते. हा थर उष्णता अडवतो, एलिमेंट आतून अधिकाधिक तापतो आणि अखेर फुटतो. तापताना टाकीतून तडतड किंवा घरघर असा आवाज येणे, धार हळूहळू बारीक होणे आणि दिवा लवकर बंद होऊनही पाणी कोमट असणे, ही त्याची लक्षणे.

घरात नळाच्या आणि बोअरच्या अशा दोन टाक्या असतील, तर गीझर नळाच्या टाकीवर जोडावा. बोअरखेरीज पर्याय नसेल, तर पहाटेच्या कोमट पाण्याचा फायदा घ्यावा आणि त्याबदल्यात साफसफाई वेळेवर करावी. शॉवरची चाळणी आणि आत येणाऱ्या पाण्याची जाळी महिन्यातून एकदा काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवून ठेवावी. टाकीच्या आतल्या थरासाठी वर्षातून एकदा, फार जड पाणी असेल तर दोनदा, मेकॅनिककडून सफाई करून घ्यावी. एमसीबी पाडणे, कॉक बंद करणे, पाणी पूर्ण गार होऊ देऊन काढून टाकणे, लिटरला साधारण पन्नास ग्रॅम लिंबूसत्वाचे द्रावण भरून तासभर ठेवणे आणि तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुणे, असा क्रम असतो. हे सुरू असताना समोर उभे राहावे. काही जण घाईत संडास धुण्याचे ॲसिड ओततात. त्याने थर मिनिटात निघतो, पण तांब्या-पितळेचे भाग आणि टाकीचा आतला पृष्ठभागही खरवडला जातो.

उन्हाळा लागला आणि गीझर बंद ठेवायचा झाला, तर एमसीबी पाडून, गार पाण्याचा कॉक बंद करून टाकीतले पाणी काढून टाकावे, म्हणजे सात-आठ महिने आत क्षार बसत राहणार नाहीत. तो पुन्हा चालू करायचे काम नरक चतुर्दशीच्या पहाटेवर ठेवू नये. आठवडाभर आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे, प्लगच्या पिना पाहाव्यात, आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे, हवा निघेपर्यंत पाणी वाहू द्यावे आणि घड्याळ लावून एक बादली भरून पाहावी. बादलीला दहा मिनिटे लागली आणि घरात पाहुण्यांसह बारा माणसे असली, तर अभ्यंगस्नानाला दोन तास लागणार. तेव्हा उजाडायच्या आत सगळ्यांचे न्हाणे उरकायचे असेल, तर पहिली बादली पहाटे साडेतीनलाच लावावी आणि लहान मुलांना शेवटी उठवावे.